मैदानावरचे अरे-तुरे

फुटबॉलचा आणि व्याकरणाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मी मराठीचा अध्यापक. चेंडूला पाय लावून पंचवीस वर्षे तरी उलटली असतील, आणि लावत होतो तेव्हाही तो हव्या त्या दिशेला गेल्याचे स्मरत नाही. तरीसुद्धा एका डच फुटबॉल-प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत मी गेले काही महिने अगदी गुंतून गेलो आहे, आणि त्या गावाला मी पोचलो तो क्रियापदाच्या वाटेने.

झाले असे की, वर्गात 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ह्यांची उतरंड शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, इतर भाषांत असं असतं का हो?" हिंदीचे उदाहरण शेजारचे. फ्रेंच-जर्मनचेही देता येते. पण आदराच्या बाबतीत जिच्यापुढे मराठीनेही हात टेकावेत अशी भाषा म्हणजे कोरियन. आपण 'बस' म्हणतो किंवा 'बसा' म्हणतो. फार तर 'बसावे' म्हणतो. मामला दोन-तीन पायऱ्यांत आटोपतो. कोरियन माणसाला मात्र वाक्य पुरे करण्यापूर्वी ऐकणारा आपल्याहून मोठा की लहान, ओळखीचा की परका, ह्याचा निवाडा करावाच लागतो. कारण क्रियापदाचे शेपूट त्यावर ठरते. एका वर्षाचे अंतर हेसुद्धा तिथे अंतरच. शाळेत, कचेरीत, सैन्यात आपल्याआधी आलेला तो 'सनबे', म्हणजे ज्येष्ठ. मागाहून आलेला 'हूबे'. ज्येष्ठाला नुसत्या नावाने हाक मारणे म्हणजे घरच्यांचे संस्कार काढण्याची सोय.

आता विचार करा, अशा भाषेत फुटबॉल कसा खेळायचा? चेंडू आहे तेहेतीस वर्षांच्या कप्तानाच्या पायाशी. मागून प्रतिस्पर्धी धावून येतो आहे. तो दिसतो आहे फक्त वीस वर्षांच्या एका पोराला. त्या पोराने ओरडायचे तरी काय? 'अहो दादासाहेब, आपल्या पाठीमागून कोणीसे येत आहे'? तेवढ्यात गोल होऊन जातो! ही अडचण ज्या परदेशी गृहस्थांनी ओळखली आणि तिच्यावर सरळ हुकूम काढला, त्यांचे नाव गूस हिडिंक. 'गूस'मधला 'ग' डच लोक घशातून असा काही काढतात, की आपल्याला तो 'ख'च ऐकू यावा. आपण आपले गूस म्हणू. आणि वाचकांच्या ध्यानात आले असेलच, मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. पुढे खेळाडू येतील त्यांना 'तो' म्हणेन. का, ते मलाही सांगता येणार नाही. मराठीची सवयच तशी: ब्रॅडमन 'खेळला' आणि त्याचे गुरुजी 'म्हणाले'.

हिडिंक ह्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९४६ चा, हॉलंडच्या पूर्वेकडील फार्सेफेल्ड नावाच्या लहानशा गावातला. युद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झाले होते. वडील शाळामास्तर, आणि जर्मनांच्या अमलात गुप्तपणे त्यांच्याविरुद्ध काम केलेले. मुलगा फुटबॉल खेळू लागला, पण कीर्ती दिगंतात जावी असा नव्हे. जवळच्याच डे ग्राफस्खाप नावाच्या संघात त्याचा बहुतेक काळ गेला. खेळता खेळता दुसरीकडे नोकरीही चालू होती. ती होती शाळेत व्यायाम शिकवण्याची, आणि शाळा साधी नव्हती. शिकण्यात मागे पडलेल्या, कुठेच न रुळणाऱ्या मुलांची ती शाळा. हिडिंकनी तिथे कितीतरी वर्षे काढली. त्यांच्यावर लिहिणारे लोक हा भाग चार ओळींत आटपून आयंडहोव्हनच्या चषकांकडे धावतात. मला मात्र वाटते, की पुढे जे जे झाले त्याची तालीम त्या व्यायामशाळेतच झाली. जो मुलगा बोलतच नाही त्याला बोलता कसे करावे, हे तिथे शिकावेच लागत असणार. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांना शिकवून कोणी मास्तर होत नाही, हे माझ्या पेशातल्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असते.

१९८७ च्या वसंतात ते पी. एस. व्ही. आयंडहोव्हन ह्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. फिलिप्स कंपनीच्या कामगारांसाठी निघालेला हा क्लब. त्याच्या नावातला 'पी' फिलिप्सचाच. आपल्याकडे ज्यांच्या घरी एकेकाळी फिलिप्सचा रेडिओ होता त्यांना हे नाते आवडावे. पुढच्याच वर्षी ह्या संघाने देशातील अजिंक्यपद, देशाचा चषक आणि युरोपियन चषक अशी तिन्ही बक्षिसे मिळवली. त्यात युरोपियन चषकाची मौज अशी, की उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे पाचही सामने आयंडहोव्हनने जिंकले नाहीत. बोर्दोशी दोन बरोबऱ्या, रेआल माद्रिदशी दोन बरोबऱ्या, आणि २५ मे १९८८ रोजी श्टुटगार्ट येथे बेन्फिकाशी गोलशून्य बरोबरी. दोन फेऱ्या परक्या मैदानावर केलेल्या गोलाच्या बळावर निभावल्या, आणि अखेर पेनल्टींत ६-५. हरलो नाही म्हणून जिंकलो, असा तो सगळा प्रकार. सौंदर्यवाद्यांनी नाके मुरडली. चषक मात्र आयंडहोव्हनलाच राहिला.

पुढे तुर्कस्तानात एक अपुरे वर्ष, मग स्पेनमधील वालेन्सिया. तिथली एक हकीकत सांगण्याजोगी. १९९२ साली घरच्या मैदानावर सामना सुरू होण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांत नाझींचे स्वस्तिकचिन्ह असलेला झेंडा हिडिंकना दिसला. तो उतरवल्याखेरीज खेळ होणार नाही, असे त्यांनी बजावले, आणि झेंडा खाली आला. प्रतिकार-चळवळीतल्या मास्तरांचा मुलगा दुसरे काय करणार, असे आपण म्हणू. पण स्वतःच्याच प्रेक्षकांना असे सांगायला छाती लागते.

आता जेवणाच्या टेबलाकडे येऊ. १९९५ पासून हिडिंक हॉलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि १९९६ च्या युरोपियन स्पर्धेत त्या संघाची शोभा झाली. संघात सुरिनामी वंशाचे गुणी तरुण होते. गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी पैसे आणि कमी मान मिळतो, अशी त्यांतल्या काहींची तक्रार होती. त्या दिवसांतले एक छायाचित्र फार गाजले. संघ जेवायला बसला आहे, एका टेबलाभोवती काळे खेळाडू आणि बाकीच्यांभोवती गोरे. एका छायाचित्रावरून किती अर्थ काढावा, ह्याबद्दल पुढे खेळाडूंतच वाद झाले. पण एडगर डाविड्स ह्या खेळाडूने बातमीदारांपुढे प्रशिक्षकांविषयी जे उद्गार काढले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत, आणि हिडिंकनी त्याला पुढच्या गाडीने घरी धाडले. इंग्लंडने त्यांना ४-१ असे झोडपले, फ्रान्सने पेनल्टींवर बाहेर काढले.

दोन वर्षांनी, १९९८ च्या विश्वचषकासाठी, हिडिंकनी त्याच डाविड्सला परत बोलावले. शिक्षा झाली, संपली. आता ये आणि खेळ. युगोस्लाव्हियाविरुद्ध सामना १-१ असा लोंबकळत असताना अगदी अखेरच्या क्षणी विजयी गोल केला तो डाविड्सनेच. हॉलंड उपांत्य फेरीत पोचला आणि ब्राझीलकडून पेनल्टींवर हरला. ह्या माणसाच्या चरित्रात पेनल्टी हा मारुतीच्या शेपटासारखा विषय आहे. मी प्रत्येक वेळी सांगत बसणार नाही.

त्याच विश्वचषकात २० जून १९९८ रोजी मार्सेय येथे हॉलंडने दक्षिण कोरियाला ५-० असे हरवले होते. कोरियाचे प्रशिक्षक चा बम-गुन हे त्यांच्याकडचे मोठे नाव. जर्मनीत वर्षानुवर्षे खेळून कीर्ती मिळवलेले. स्पर्धा चालू असतानाच त्यांना काढून टाकण्यात आले. हा पाच-शून्याचा आकडा ध्यानात असू द्यावा.

२००२ चा विश्वचषक कोरिया आणि जपान ह्या दोघांनी मिळून भरवायचा होता, आणि कोरियाला धाकधूक लागून राहिली होती. त्यापूर्वी पाच विश्वचषकांत कोरियाने १४ सामने खेळले होते: ४ बरोबरीत, १० पराभव, विजय एकही नाही. ह्याच कोरियाला १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत अंतिम सामन्यात आपण २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले होते, हे आज सांगितले तर आपल्याच मुलांना खरे वाटत नाही. यजमान पहिल्याच फेरीत बाहेर पडण्याची नामुष्की तोवर विश्वचषकाच्या इतिहासात कोणावर आली नव्हती. ती आपल्यावर येते की काय, ह्या धास्तीने कोरियन संघटनेने हिडिंकना गळ घातली. दरम्यान रेआल माद्रिदने आणि मग सेव्हियाच्या बेतिसने त्यांना निरोप दिलेला होता. जानेवारी २००१ मध्ये ते कोरियात दाखल झाले.

त्यांनी आधी पाहिले ते जेवणघर. ज्येष्ठ खेळाडू एका टेबलावर, मधले दुसऱ्यावर, लहान तिसऱ्यावर. आणि लहानांच्या टेबलावर तोंडे फक्त जेवायला उघडत. पाच वर्षांपूर्वीचे इंग्लंडमधले टेबल त्यांना आठवले की नाही, कोण जाणे. मला तरी आठवल्यावाचून राहिले नाही. तिथे वर्णाने वाटलेली टेबले, इथे वयाने. मैदानावर तेच चित्र. तरुण खेळाडूला दोन वाटा मोकळ्या असल्या तरी चेंडू आपसूक ज्येष्ठाकडे जाई; ज्येष्ठाची चूक झाली तर कोणी ब्र काढत नसे.

मग हुकूम निघाला: मैदानावर सर्वांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची. पदवी नाही, 'दादा' नाही, क्रियापदाला आदराचे शेपूट नाही. जेवताना वयाप्रमाणे बसायचे नाही. आपल्याला हे ऐकायला सोपे वाटते. ज्यांच्या घरी आजही 'ए आई' आणि 'अहो बाबा' चालते, त्यांनी एकदा 'ए बाबा' म्हणून पाहावे. जीभ कशी अडखळते ते कळेल. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत मुलांनी बाबांना एकेरीत आणले, आणि बापांचे काही बिघडले नाही. पण ती क्रांती घराघरांतून सावकाश झाली. कोरियन खेळाडूंना ती एका सकाळी शिट्टीच्या तालावर करायची होती.

तिकडे एक किस्सा सांगतात. हाँग म्योंग-बो हा संघातल्या वडीलधाऱ्यांपैकी एक. १९९०, ९४ आणि ९८ असे तीन विश्वचषक खेळून आलेला बचावपटू. त्याच्यापुढे तरुणांनी मान वर करू नये असा त्याचा दरारा. एके दिवशी संघातल्या एका तरुणाने त्याला हाक दिली, "म्योंग-बो या, जेवायला चल!" हे शेवटचे 'या' म्हणजे आपले आदराचे 'या' नव्हे, अगदी उलट. बरोबरीच्याला किंवा लहानाला हाक मारताना नावाला लावायचा तो प्रत्यय, म्हणजे आपला 'अरे'. सगळे जेवणघर क्षणभर चिडीचूप झाले आणि मग हास्याचा स्फोट झाला. तो धीट तरुण कोण, ह्याबद्दल सांगणारे एकमत नाहीत. किस्से असेच असतात. ह्यात मला हसण्यापेक्षा ती आधीची क्षणभराची शांतता जास्त बोलकी वाटते.

ह्यावरून माझ्या मनात आपले खेळ येऊन गेले. आपल्या खो-खोत किती शहाणपणा आहे पाहा. 'खो' ह्या शब्दाला लिंग नाही, वचन नाही, आदरार्थी रूप नाही. नवख्या पोराने कप्तानाच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हटले, की कप्तानाने उठून पळायचे. 'खो घ्यावा' असे कोणी म्हणत नाही. क्रिकेटमध्ये इंग्रजीने आपली सोय केली. काकांच्या वयाच्या फलंदाजाला समोरच्या टोकाहून 'नो!' असे ओरडता येते. 'नको' म्हणायचे की 'नका येऊ' म्हणायचे, हा पेच पडत नाही. खेळाला अशी आखूड, निर्लेप भाषा लागते. कोरियन संघाजवळ ती नव्हती, आणि बाहेरून आलेल्या, कोरियन न येणाऱ्या माणसाने ती त्यांना दिली.

पण नुसत्या अरे-तुरेने विश्वचषक जिंकता आले असते तर आमच्या वसतिगृहातील मुलांनी केव्हाच आणला असता. हिडिंकचे दुसरे निदान अधिक धक्कादायक होते. कोरियनांचा स्वतःविषयी असा समज, की आमच्यात दम आणि जिद्द भरपूर, कमी पडते ते कसब. हिडिंक म्हणाले, उलट आहे. तुमची मुले दोन्ही पायांनी चेंडू खेळतात, कसब चांगले आहे; कमी आहे तो दम. नव्वद मिनिटे पळायचे, थांबायचे, पुन्हा सुसाट सुटायचे, आणि दोन सुसाटींमध्ये चटकन श्वास पूर्ववत आणायचा, ही ताकद नाही. मग हॉलंडहून तंदुरुस्तीचे तज्ज्ञ आले, शिट्टीच्या इशाऱ्यावर वीस मीटर पळण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. कोरियन संघटनेनेही खेळाडू महिनोन्‌महिने शिबिरात ठेवू दिले. अशी चैन युरोपात कोणत्या प्रशिक्षकाला मिळते? ह्या यशाचा हिशेब मांडताना ही रक्कम वगळून चालणार नाही.

नावे पाहून निवड करायची नाही, हेही त्यांनी पाळले. किम ब्योंग-जी हा लोकप्रिय गोलरक्षक हाँगकाँगच्या एका सामन्यात चेंडू घेऊन मध्यरेषेकडे निघाला आणि वाटेत गमावून बसला. हिडिंकनी त्याला मध्यंतरालाच बाहेर घेतले. पुढे जागा मिळाली ली उन-जेला. खुद्द हाँग म्योंग-बोला कित्येक महिने संघाबाहेर बसवले, आणि परत घेतले ते आदरापोटी नव्हे, गरज म्हणून. उलट पार्क जी-सुंगसारख्या, लहान चणीमुळे मायदेशातल्या क्लबांनी नाकारलेल्या आणि जपानात जाऊन खेळणाऱ्या मुलाला त्यांनी जवळ केले. विद्यापीठात शिकणारा एक दांडगा, वेगवान पोरगा घेतला. त्याचे नाव चा दू-री. होय, त्याच चा बम-गुन ह्यांचा मुलगा. हिडिंकच्या हॉलंडने ५-० असे हरवल्यावर ज्यांची नोकरी गेली होती त्यांचा.

आणि पाच-शून्याने हिडिंकचा पिच्छा सोडला नाही. मे २००१ मध्ये फ्रान्सने कोरियाला ५-० असे हरवले. ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियातून वेगळ्या झालेल्या चेक संघाने पुन्हा ५-०. आता कोरियन भाषेत पाचाला 'ओ', विरुद्धला 'दे' आणि शून्याला 'यंग' म्हणतात. 'ओ' हे तिथले रूढ आडनाव, आणि 'दे-यंग' हे कोणाच्याही मुलाचे शोभावे असे नाव. झाले! हिडिंकसाहेबांचे कोरियन बारसे होऊन ते 'ओ दे-यंग' झाले. म्हणजे 'श्रीयुत पाचशून्य'. पुलंच्या महाराष्ट्राला ही कोटी कळायला हरकत नाही. त्यांची मैत्रीण सोबत राहते म्हणूनही वर्तमानपत्रांनी ओरड केली. त्यांना काढा, असे लेख निघाले. २००२ च्या आरंभी अमेरिकेतल्या स्पर्धेत कोरियाला निर्धारित वेळात एकही सामना जिंकता आला नाही. हिडिंक शिबिरात पळापळ करून घेत राहिले. ते म्हणत, मला जूनमध्ये जिंकायचे आहे, आज नव्हे. परीक्षेच्या आधी सहामाहीत नापास होणाऱ्या मुलाचा बाप हे वाक्य ऐकून किती शांत राहील, ते आपणच ठरवावे.

मे महिन्यात वारे फिरले. स्कॉटलंडवर ४-१, इंग्लंडशी १-१, आणि जगज्जेत्या फ्रान्सशी २-३ असा झुंजार पराभव. ४ जूनला पूसान येथे पोलंडविरुद्ध ह्वांग सन-हाँग आणि यू सांग-चल ह्यांनी गोल केले, आणि ४८ वर्षांत न मिळालेला पहिला विजय कोरियाने मिळवला. अमेरिकेशी १-१. मग पोर्तुगालविरुद्ध ७० व्या मिनिटाला पार्क जी-सुंगने छातीवर चेंडू घेतला, उजव्या पायाने बचावपटूच्या डोक्यावरून काढला आणि डाव्या पायाने गोलात मारला. दोन्ही पायांच्या कसबाची ती जणू जाहीर परीक्षाच. गोल होताच तो धावत सुटला तो थेट हिडिंकच्या मिठीत शिरला. पहिली फेरी पार झाली. सगळा देश समाधानाने ढेकर देत असताना हिडिंक म्हणाले, माझी भूक अजून भागलेली नाही.

१८ जून, देजॉन, इटली. चौथ्या-पाचव्या मिनिटालाच कोरियाला पेनल्टी मिळाली आणि आन जंग-ह्वानने ती घालवली. १८ व्या मिनिटाला व्हिएरीने इटलीचा गोल केला. इटली एक गोलाने पुढे असली की सामना संपल्यात जमा, असा फुटबॉलचा शिरस्ता. हिडिंकनी काय करावे? एक बचावपटू काढून आघाडीचा खेळाडू घातला. मग मधल्या फळीतला एक काढून आणखी एक आघाडीवीर. ८३ व्या मिनिटाला तर खुद्द कप्तान हाँग म्योंग-बोला बाहेर बोलावले आणि पाठवले कोणाला? चा दू-रीला. बचावाचा खांब काढून कॉलेजातला पोरगा! ज्येष्ठ मुकाट बाहेर आला. ८८ व्या मिनिटाला सल की-ह्यनने बरोबरी साधली. आणि पेनल्टी घालवलेल्या आनला त्यांनी अखेरपर्यंत मैदानावरच ठेवले होते. ११७ व्या मिनिटाला त्याने डोक्याने मारलेला गोल हा त्या काळच्या नियमाप्रमाणे सामना संपवणारा सुवर्णगोल ठरला. इटलीतल्या ज्या क्लबासाठी आन खेळत होता, त्याच्या मालकाने संतापून त्याला पुन्हा दारात उभा करणार नाही असे जाहीर केले.

इथे माझ्यासारख्या भाविकाने थोडे थांबले पाहिजे. इटलीचा तोत्ती पंचांनी बाहेर काढला, इटलीचा एक गोल नाकारला. ते पंच एक्वादोरचे बायरन मोरेनो. २०१० साली ते न्यूयॉर्कच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडले गेले, ह्याने संशयाला अधिकच खाद्य मिळाले. पुढे स्पेनचे दोन गोलही रद्द झाले, आणि त्यांतल्या एकाच्या वेळी चेंडू रेषेबाहेर गेलाच नव्हता, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. पोर्तुगालचे तर दोन खेळाडू बाहेर काढलेले होते. इटली-स्पेनमध्ये आजही हा विषय काढला तर चहा कडू होतो. पंचांच्या चुका विकत घेतल्या होत्या असा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. पण त्या चुका होत्या, आणि त्यांचा फायदा कोरियाला झाला, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. माझे मत विचाराल तर पोलंडविरुद्धचा विजय आणि फ्रान्सविरुद्धची ती हार ह्या दोन गोष्टींत हिडिंकचे काम निर्मळ दिसते. त्यावर पंचांचा डाग नाही.

स्पेनविरुद्ध ग्वांगजू येथे पुन्हा पेनल्टी. शेवटची, निर्णायक, मारायला पुढे आला हाँग म्योंग-बो, आणि त्याने ती शांतपणे घातली. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला तो पहिला संघ. तिथे जर्मनीने १-० असे थांबवले. तिसऱ्या जागेच्या सामन्यात तुर्कस्तानने पहिला गोल अकराव्या सेकंदालाच केला आणि ३-२ ने जिंकले. सोलच्या रस्त्यांवर लाल सदरे घातलेले लाखो लोक तरीही नाचतच होते. सरकारने हिडिंकना मानद नागरिकत्व दिले. असे नागरिकत्व मिळालेले ते पहिले परदेशी. ग्वांगजूच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले. कोरियन प्रवासी फार्सेफेल्डला जाऊ लागले, आणि त्या चिमुकल्या गावात त्यांच्या स्मरणवस्तूंचे एक संग्रहालय निघाले: गूस आणि म्युझियम मिळून 'गूसेयम'. संधी अशी, की पाणिनीनेही मान डोलवावी.

त्यानंतरची वीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण त्यांत नवे फार नाही, जुन्याचेच पडसाद आहेत. आयंडहोव्हनला परतताना ते पार्क जी-सुंगला आणि ली यंग-प्योला बरोबर घेऊन गेले. पार्क सुरुवातीला दुखापतीने बेजार, खेळ जमेना. घरच्या मैदानावर आपलेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. हिडिंकनी घाई केली नाही. २००५ साली मिलानविरुद्ध युरोपच्या उपांत्य सामन्यात पहिला गोल त्याचा होता, आणि त्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याला नेले. त्याच सुमारास आयंडहोव्हनची नोकरी सांभाळून हिडिंकनी ऑस्ट्रेलियाला ३२ वर्षांनी विश्वचषकात पोचवले, आणि २००६ साली जपानविरुद्ध ०-१ असे मागे असताना शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल झाले. मग रशिया. २००८ च्या युरोपियन स्पर्धेत रशियाने बाझल येथे हॉलंडला ३-१ असे हरवले. सामन्याआधी हिडिंक गमतीने म्हणाले होते, मला यंदाचा देशद्रोही व्हायला आवडेल. मायदेशाने ते मनावर घेतले नाही.

बाजू दुसरीही आहे. करचुकवेगिरीबद्दल २००७ साली डच न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांची स्थगित कैद आणि ४५,००० युरो दंड ठोठावला. रशियाला २०१० च्या विश्वचषकात नेता आले नाही, तुर्कस्तानला २०१२ च्या युरोपियन स्पर्धेत. सर्वांत दुःखद म्हणजे २०१४ साली पुन्हा हातात घेतलेला हॉलंडचा संघ. वर्ष पुरे होण्याच्या आत, जून २०१५ मध्ये, ते बाजूला झाले, आणि तो संघ २०१६ च्या स्पर्धेत पोचलाच नाही. चेल्सीत ऐन मोसमात दोनदा तात्पुरते गेले. पहिल्या खेपेला, २००९ साली, एफ. ए. चषक मिळवून दिला. चीनमध्ये तरुणांचा संघ, मग कॅरिबियन समुद्रातले कुरासाव बेट. २०२१ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. आता ह्या यादीत एक गंमत आहे. जिथे शिष्य आधीच स्वतःला शहाणे समजत होते, किंवा जिथे फक्त पैसा बोलत होता, तिथे मास्तरांचे फारसे चालले नाही. जिथे लोक गप्प होते, तिथे चालले.

मग कोरियन भाषा बदलली का? मुळीच नाही. पडसाद उमटले, नेतृत्वावर पुस्तके निघाली, कचेऱ्यांत चर्चा झाल्या. पण जेवणघराबाहेर पडताच हाँग म्योंग-बो पुन्हा ज्येष्ठ होता, आणि पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होऊन स्वतःच गुरुजी झाला. हिडिंकनाही त्याहून अधिक काही नको होते. त्यांनी आदर काढून घेतला नाही; मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत त्याला सुट्टी दिली, इतकेच. माझ्या वर्गात ही रेषा कुठे आखावी, ह्याचा मी अलीकडे विचार करतो. मुले शंका विचारत नाहीत ती शंका नसते म्हणून नव्हे, 'सर, तुमचं चुकलं' ह्या वाक्याचे सभ्य रूप त्यांना सापडत नाही म्हणून. व्याकरणाचा मास्तर असूनही ते मी अजून त्यांना शिकवू शकलेलो नाही.

कोरियाशी हिडिंकचा संबंध २००२ नंतरही तुटला नाही. २००७ पासून त्यांच्या नावाच्या संस्थेने तिथे दृष्टिहीन मुलांसाठी छोटी छोटी फुटबॉलची मैदाने बांधून दिली. ह्या खेळाचा चेंडू आत खुळखुळा घातलेला असतो. मुले तो ऐकून खेळतात, आणि प्रेक्षकांना गप्प बसावे लागते. चेंडू असलेल्या गड्याकडे जाताना प्रत्येक खेळाडूने मोठ्याने 'वॉय' असे म्हटलेच पाहिजे. शब्द स्पॅनिश आहे. अर्थ, 'मी येतो आहे'. न म्हणता गेले तर तो नियमभंग धरतात, मग जाणारा थोरला असो की धाकटा.